अंतरपाटाच्या वेळीं मूल कोणाकडे?

वेळापत्रक आखणें हा शाळामास्तरांचा जुना रोग आहे. नोकरी सुटली तरी तो सुटत नाहीं. २०२५ च्या वैशाखांत रत्नागिरीस आमच्या मेव्हणीच्या मुलीचें लग्न होतें. तिथि कळतांच, पत्रिका छापून येण्याचीहि वाट न पाहतां, मीं फुलस्केप कागदावर रेघा मारून सात दिवसांचा तक्ता केला. लग्नास जोडून थोडा प्रवास व्हावा, सूनबाईंनीं रत्नागिरी पाहिलेली नाहीं ती पाहून व्हावी, आणि नातीला समुद्र दिसावा, असा हेतु. ठाण्याहून निघणारी गाडी, सीमांतपूजन, मुहूर्त, गणपतिपुळें, पावस, टिळकांचें जन्मस्थान, परतीचा दिवस, सर्व कांहीं आपापल्या चौकटींत नीट बसलें. नात त्या वेळीं तीन वर्षांची होती. तिच्यासाठींहि मीं एक रकाना राखला होता, व त्यांत 'दूध', 'खाऊ', 'झोंप' हे शब्द तांबड्या शाईनें लिहिले होते.

तक्ता घरांत सर्वांना दाखविला. चिरंजीव 'छान आहे' म्हणाले. सूनबाईंनीं मान हालविली. नातीच्या आजीनें मात्र चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, त्याची घडी घातली, आणि म्हटलें, "सगळें आहे यांत. अंतरपाटाच्या वेळीं छोटी कोणाकडे, तेवढें नाहीं."

मी म्हणालों, "तिची आई असेलच कीं!"

"आई तर तेव्हां मीहि होतें," असें म्हणून ती स्वयंपाकघरांत निघून गेली.

हें वाक्य वाचकांस कळावें म्हणून मला छत्तीस वर्षें मागें जाणें भाग आहे. ही मेव्हणी म्हणजे तिची पाठची बहीण. तिचें लग्न १९८९ च्या वैशाखांत रत्नागिरीसच, माहेरच्या अंगणांत मांडव घालून झालें. कोंकण रेल्वे त्या वेळीं नव्हती. तो मार्ग १९९८ च्या जानेवारींत पुरा खुला झाला. आम्ही एस. टी. च्या रात्रीच्या गाडीनें कशेडीचा घाट ओलांडून गेलों. चिरंजीव त्या वेळीं सव्वादोन वर्षांचे होते. लग्नापूर्वीं एक दिवस मोकळा मिळत होता. तो वायां जाऊं नये म्हणून मीं, घरच्या थोरल्या जांवयानें, पोंचलों त्याच दिवशीं गणपतिपुळ्यास जाण्याचा बेत केला. "नको, पोर रात्रभर झोंपलें नाहीं," असें ती एकदां म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाहीं. वैशाखाचें ऊन, देवामागच्या डोंगराची प्रदक्षिणा, वाळूंत पोळणारे पाय, आणि रस्त्यावरच्या गाडीवरचें बर्फ घातलेलें सरबत. पोर रडत होतें म्हणून तें सरबत मींच पाजलें. संध्याकाळीं सीमांतपूजन चालू असतांच त्याला पहिला जुलाब झाला. रात्रींत आठ-नऊ झाले, आणि पहांटे तें निपचित पडलें. डॉक्टर येऊन गेले. साखर-मिठाचें पाणी चमच्याचमच्यानें पाजीत राहा, असें त्यांनीं बजाविलें.

करवली म्हणून करा-दिवा घेऊन नवरीच्या मागें उभें राहण्याचा मान तिचा होता. तो आयत्या वेळीं चुलत बहिणीस देण्यांत आला. मांडवांत सनई सुरू झाली तेव्हां ती माजघरामागच्या खोलींत मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी दारांत जाऊन विचारलें, "कसा आहे?" ती म्हणाली, "आतांच डोळा लागला. तुम्ही पांच मिनिटें याच्यापाशीं बसतां का? मी तेवढ्या अक्षता टाकून येतें." माझ्या अंगावर नवें रेशमी उपरणें होतें, मुठींत अक्षता होत्या, आणि मांडवांतून "जांवईबापू कोठें आहेत?" अशी हांक येत होती. "झोंपला आहे तर हालवूं नको त्याला," इतकें बोलून मी गेलों. मंगलाष्टकें झालीं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मुलगा दोन दिवसांत बरा झाला, म्हणून ती गोष्टहि बरी झाली असें मी धरून चाललों.

त्या लग्नाच्या छायाचित्रांचें पुस्तक आमच्या कपाटांत आहे. तक्त्याच्या प्रसंगानंतर रात्रीं मीं तें काढून पाहिलें. माझीं अकरा छायाचित्रें निघालीं. तिचें एक सांपडलें. वरात निघते आहे आणि दाराशीं ती पाठमोरी उभी आहे. चेहरा दिसत नाहीं, तिच्या खांद्यावर झोंपलेल्या मुलाचें तोंड तेवढें दिसतें.

आम्ही मुलांना कारकें शिकवितों तेव्हां क्रियेचा कर्ता कोण, हें प्रथम शोधावयास सांगतों. घरोघरच्या बेतांत मात्र 'मुलाला सांभाळावें' ही क्रिया कर्त्यावांचूनच लिहिलेली असते. लिहिलेला नसला तरी तो अध्याहृत असतो, आणि प्रत्येक वेळीं तो एकच असतो. लग्नाच्या गर्दींत मूल रडूं लागलें कीं सर्वांच्या माना आपोआप एकीकडे वळतात. ती बाई उठते व बाहेर जाते. तिच्या बहिणीचें, भावाचें, बालमैत्रिणीचें लग्न तिच्या पाठीमागें लागून जातें. तिला कोणी जा म्हटलेलें नसतें, म्हणून कोणाला दोषहि लागत नाहीं. लहान मूल घेऊन लग्नास व प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाचा बेत आजींनीं विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे, आणि गाडी, खोली, बघावयाचीं ठिकाणें हीं सर्व मागाहून आलीं पाहिजेत, असें माझें आतां ठाम मत झालें आहे. आम्हीं तसें केलें. त्यांत काय साधलें व काय हुकलें, तें सांगतों.

मुहूर्त हा शब्द मूळचा कालमापनाचा. अहोरात्राचे ३० मुहूर्त, व एक मुहूर्त म्हणजे दोन घटिका, आजच्या घड्याळानें ४८ मिनिटें. तीन वर्षांच्या मुलालाहि असे मुहूर्त असतात. भुकेचा एक, झोंपेचा एक. ते पंचांगांत छापलेले नसतात, पण टळल्यास अनिष्ट फळ तात्काळ मिळतें. लग्नाचा मुहूर्त दुपारीं १२ वाजून १८ मिनिटांचा होता. आमची छोटी साडेअकराला जेवते व साडेबारापर्यंत झोंपते. म्हणजे मंगलाष्टकें चालू असतांना ती किरकिरणार, हें दोन महिने आधींच ठरलेलें होतें. असा योग स्पष्ट दिसत असतां 'त्या वेळचें त्या वेळीं पाहूं' म्हणणें म्हणजे आईनें पाहावें, असें म्हणणें होय. मीं तक्ता पुन्हां लिहिला. लग्नदिवसाच्या चौकटींत सकाळपासून रात्रीपर्यंत दोन-दोन तासांचे भाग पाडले व प्रत्येक भागापुढें एकेक नांव घातलें. अकरा ते एक या भागापुढें माझें नांव लिहिलें. पंगतीच्या वेळीं चिरंजीव, लाजाहोमानंतर सूनबाई, संध्याकाळीं आजी.

नांव लिहिणें सोपें होतें. तें खरें करावयास तीन आठवडे लागले. लग्नाच्या दिवशीं, परक्या घरांत, भुकेलें व झोंपेला आलेलें मूल ज्याच्या हातचें कधीं जेवलें नाहीं अशा माणसाकडे जात नाहीं, मग तो सख्खा आजोबा कां असेना. मी नातीला गोष्टी सांगत असें, बागेंत नेत असें. परंतु तिला भरविणें, झोंपविणें, तिचे कपडे बदलणें यांतलें मला कांहीं येत नव्हतें. म्हणून फाल्गुन सरतांच मीं दुपारचा वर्ग चालविण्यास घेतला. पहिले चार दिवस तिनें भात थुंकला. पांचव्या दिवशीं कळलें कीं तिला वरण भातावर ओतलेलें चालत नाहीं, शेजारीं लागतें. झोंपतांना तिला पाठ थोपटून घ्यावयाची नसते. तिच्या जुन्या गोधडीचा एक कोपरा हातांत द्यावा लागतो. या गोष्टी तिच्या आईला ठाऊक होत्या, आणि मला ठाऊक असाव्यात असें कोणाला कधीं वाटलें नव्हतें. ज्या घरांतील पुरुषांनीं हें काम अंगावर घ्यावयाचें ठरविलें असेल त्यांनीं तालीम आधीं करावी. लग्नाच्या दिवशीं दाखविलेली हौस टिकत नाहीं.

आतां प्रवासाविषयीं. रेल्वेचें आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली. वैशाख म्हणजे सुट्टीचे व आंब्याचे दिवस, आणि कोंकणच्या गाड्या त्या वेळीं भरून वाहतात. म्हणून आरक्षण उघडलें त्याच सकाळीं आठाच्या ठोक्याला चिरंजीवांनीं मांडवी एक्स्प्रेसचीं तिकिटें काढलीं. पांच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं, परंतु त्यास जागाहि मिळत नाहीं. जागा हवी असल्यास पूर्ण भाडें पडतें. पांच पुरीं व बारा अपुरीं अशा मुलास जागा न घेतल्यास निमें भाडें आणि घेतल्यास पूर्ण, असा नियम २०१६ पासून आहे. तीन वर्षांच्या मुलीसाठीं पूर्ण भाडें देणें प्रथम माझ्या जिवावर आलें. पण फुकट प्रवास करणारें मूल कोणाच्या तरी मांडीवर बसून जातें, आणि ती मांडी कोणाची, याचा खुलासा वर झालाच आहे. आम्हीं तिची जागा घेतली. पांच-साडेपांच तासांच्या त्या प्रवासांत सूनबाईंनीं दोन तास एक कादंबरी वाचली. तिकिटाचे पैसे तेथेंच वसूल झाले.

गाडी रात्रीची कीं दिवसाची, यावर घरांत वाद झाला. रात्रीच्या गाडींत मूल झोंपतें हें खरें, पण अपरात्रीं किंवा भल्या पहांटे उतरावें लागलें तर झोंपमोड होऊन पुढचा सबंध दिवस नासतो. दिवसाच्या गाडींत खिडकी असते. पनवेल मागें पडलें कीं डोंगर, नद्या व पूल सुरू होतात. रत्नागिरीच्या थोडें अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो; तो सुमारें साडेसहा किलोमीटर लांब आहे. लहान मूल अशा अंधारांत घाबरतें. 'आतां डोंगराच्या पोटांत शिरावयाचें आणि पुन्हां बाहेर यावयाचें' असें तिला आधींच सांगून ठेविलें होतें, त्यामुळें ती रडली तर नाहींच, उलट 'डोंगराला पोट दुखतें का?' असें विचारून तिनें डब्यांतल्या मंडळींना हंसविलें. रत्नागिरीचें स्टेशन भर गांवांत नाहीं, रिक्षा करावी लागते. आणि गाडी ऐन दुपारीं पोंचते. म्हणून उतरण्यापूर्वींच मुलाला खाऊं घालून घ्यावें व डोक्यावर टोपी घालावी.

क्रमाविषयीं एकच नियम सांगतों: आधीं लग्न, मग सहल. १९८९ सालीं मीं हा क्रम उलटा केला होता. लग्नापूर्वीं दमलेलें किंवा आजारी पडलेलें मूल आईचें लग्न बुडवितें. लग्नानंतर दमलेलें मूल फार तर एखादें देऊळ बुडवितें. शिवाय लग्नघरीं आधींचे दोन दिवस धांदलीचे असतात. अशा वेळीं पाहुण्यांनीं गाडी, डबा व वाटाड्या मागावा, हें यजमानांच्या जिवावर येतें. बोलून मात्र कोणी दाखवीत नाहीं. आम्ही लग्नाच्या दोन दिवस आधीं पोंचलों व पहिला सबंध दिवस कांहींच केलें नाहीं. मुलीनें नवें घर, नवी माणसें, नवें पाणी ओळखून घेतलें. दुसरे दिवशीं सीमांतपूजन; तेथें अर्धा तास बसवून तिला परत आणलें. लग्नाच्या दुसऱ्या दिवशींहि विश्रांति.

मग सहल. एका दिवशीं एकच ठिकाण, तेंहि सकाळीं. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्यानें गणपतिपुळें सुमारें २५ किलोमीटर आहे. आम्ही सहाला निघालों, दर्शन घेतलें, आणि ऊन चढण्यापूर्वीं परतलों. प्रदक्षिणा मीं एकट्यानें केली. तेथला समुद्र दिसावयास रम्य असला तरी पोहण्यास धोक्याचा आहे. माणसें बुडाल्याच्या घटना तेथें अनेकदां घडल्या आहेत. मुलाला ओल्या वाळूपलीकडे नेऊं नये व हात सोडूं नये. जवळच मालगुंडास केशवसुतांचें जन्मस्थान आहे. सूनबाईंना तें पाहण्याची फार इच्छा होती. दुसरे दिवशीं ती दोघें तेथें गेलीं व आम्ही दोघें नातीपाशीं राहिलों. सर्वांनीं सर्वत्र एकत्रच गेलें पाहिजे हा आग्रह सोडला कीं निम्मे क्लेश वाचतात. टिळकांचें जन्मस्थान गांवांतच असल्यानें सहज झालें. जेथें १८५६ सालीं लोकमान्य जन्मले त्या घराच्या अंगणांत छोटीनें दगड गोळा केले. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचा राजवाडा आम्हीं बाहेरूनच पाहिला, कारण ती रिक्षांतच झोंपली होती. पावस तक्त्यांतून खोडलें. खोडतांना मला वाईट वाटलें हें कबूल करतों.

पिशवींत काय असावें, हें बहुतेक आयांना माझ्याहून चांगलें ठाऊक असतें. तरी ज्याच्या पाळीला मूल आहे त्याला ती पिशवी कोठें आहे व तींत काय आहे हें न विचारतां कळलें पाहिजे. आमच्या पिशवींत कपड्यांचे दोन जोड, जुनी गोधडी, उकळून थंड केलेलें पाणी, मेतकूट, तुपाची लहान बरणी, तापमापक, नेहमींच्या डॉक्टरांनीं वजन पाहून प्रमाण लिहून दिलेलें तापाचें औषध, व क्षारसंजीवनीचे चार पुडे होते. लग्नाचें जेवण उशिराचें व तिखट असतें. मुलासाठीं वेगळा स्वयंपाक मागण्यापेक्षां, सकाळच्या भातांतून मूठभर मऊ भात आधीं काढून ठेवावा व त्यावर मेतकूट-तूप घालावें.

क्षारसंजीवनीविषयीं दोन शब्द अधिक. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ व क्षार यांचें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. आज तें घरोघर पोंचलें आहे. पुड्यावर जितकें पाणी लिहिलें असेल तितकेंच घ्यावें, कमी नाहीं व जास्त नाहीं. तयार केलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें. पुडा नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. ओकारी होत असली तरी थोडें थांबून चमच्याचमच्यानें पाजीत राहावें. परंतु मूल सुस्त पडूं लागलें, डोळे खोल गेले, रडतांना आंसवें येईनात, सहा-आठ तासांत लघवी झाली नाहीं किंवा शौचांत रक्त दिसलें, तर डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाहि विलंब करूं नये. मग मुहूर्त असो कीं कांहीं असो.

लग्नघरीं आणखी कांहीं भयें असतात. समया व होम मुलांच्या उंचीवरच असतात. शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचें खांड हीं लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकतात. पाहुण्यांनीं प्रेमानें हातावर ठेवलीं तरी काढून घ्यावींत. कोंकणांत घरामागें विहीर असते व तिचा कठडा पुष्कळदां बुटका असतो. मुलाच्या अंगावर सोनें घालूं नये. त्याऐवजीं खिशांत दूरध्वनीच्या क्रमांकाची चिठ्ठी घालावी. वाजंत्री व कर्णे यांपासून मुलाला दूर बसवावें.

यजमानांसहि एक विनंति. मंगल कार्यालय ठरवितांना मांडवाजवळची एक खोली लहान मुलांसाठीं राखून ठेवावी. तींत पंखा, पाणी, एक सतरंजी व आंतून लागणारी कडी असावी, आणि आहेराचीं भांडीं ठेवण्याकरितां ती वापरूं नये. आमच्या मेव्हणीनें ती व्यवस्था न सांगतां केली होती. कां केली असावी, हें मीं तिला विचारलें नाहीं.

लग्नाच्या दिवशीं सकाळपासून सर्व तक्त्याप्रमाणें चाललें होतें. साडेदहाला मीं छोटीला मऊ भात भरविला. अकराला ती माझ्या मांडीवर आली. बाराला मुलीचा मामा नवरीला घेऊन मांडवांत आला, आणि त्याच वेळीं छोटीनें डोळे चोळावयास आरंभ केला. मी तिला व गोधडीला घेऊन मागल्या दारानें अंगणांत आलों. पहिलें मंगलाष्टक सुरू झालें. दुसऱ्याच्या वेळीं ती म्हणाली, "आई हवी." तिसऱ्याच्या वेळीं ती मोठ्यानें रडूं लागली. तीन आठवड्यांची तालीम त्या क्षणीं कांहीं कामाला आली नाहीं.

त्या वेळीं माझ्या मनांत काय आलें तें सांगतों, कारण तेंच या लेखाचें कारण आहे. 'पांच मिनिटें सूनबाईंना बोलवावें, पोर किती रडतें आहे!' असें आलें. दारांतून पाहिलें. रडण्याचा आवाज आंत पोंचला होता. सूनबाई वळून पाहत होत्या व निघण्याच्या बेतांत होत्या. आजीनें त्यांच्या दंडावर हात ठेवला व माझ्याकडे पाहिलें. मूल जेवलेलें होतें, अंगांत ताप नव्हता, तें आजोबाच्या कडेवर होतें. त्याला झोंप हवी होती, इतकेंच. अंगांत ताप असता तर मीं स्वतः त्यांना हांक मारली असती. मीं हातानें 'नको' अशी खूण केली व मागें फिरलों.

अंगणाच्या टोंकाला फणसाच्या झाडाखालीं एक कोंबडी पिलें घेऊन उकरीत होती. माझ्या उजव्या मुठींत अक्षता तशाच होत्या. मीं त्यांतल्या चार छोटीच्या हातावर दिल्या. तिनें हुंदके देतदेतच त्या पिलांवर टाकल्या. पिलें धांवून आलीं. ती थांबली, पुन्हां हात पुढें केला. मांडवांतून 'सावधान' ऐकूं येई आणि इकडे आम्ही दोघें एकेक चिमूट अक्षता पिलांना घालीत होतों. वाजंत्री वाजली तेव्हां माझी मूठ रिकामी झाली होती. थोड्या वेळानें गोधडीचा कोपरा धरून ती खांद्यावर झोंपली. नवऱ्यामुलाचा चेहरा मीं पंगतीच्या वेळीं प्रथम पाहिला.

महिनाभरानें छायाचित्रें आलीं. हल्लीं तीं दूरध्वनीवरच येतात. आजीनें एकेक मोठें करून पाहिलें. अंतरपाटाच्या पलीकडे बहिणीच्या शेजारीं ती उभी आहे, हातांत अक्षता आहेत, तोंड किंचित् उघडें आहे. सूनबाई तिच्या पाठीशीं आहेत. सगळीं पाहून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही एकाहि चित्रांत नाहीं कीं हो!" आणि मग दूरध्वनि खालीं ठेवीत, "तेव्हां सरबत पाजलेंत तें पाजलेंत. पांच मिनिटें बसला असतां तर काय झालें असतें?" या प्रश्नास माझ्यापाशीं छत्तीस वर्षांपूर्वीं उत्तर नव्हतें व आजहि नाहीं. मीं तिला चहा करून दिला.

ज्या घरीं येत्या लग्नसराईंत लहान मूल घेऊन जावयाचें असेल, त्यांनीं तिकिटें काढण्यापूर्वीं एक कागद घ्यावा, मुहूर्ताची वेळ लिहावी, तिच्यापुढें मुलाच्या भुकेची व झोंपेची वेळ लिहावी, आणि खालीं एक नांव लिहावें. तें नांव मुलाच्या आईचें असल्यास कागद फाडून दुसरा घ्यावा.